पहिल्यांदा राजदूत होताना

तिसरा सचिव, दुसरा सचिव, पहिला सचिव, काउन्सेलर, मिनिस्टर आणि मग राजदूत. बहुतेक देशांच्या परराष्ट्र सेवेतली शिडी साधारण अशीच असते आणि ती चढायला वीस-पंचवीस वर्षं सहज जातात. एवढ्या काळात माणूस टिपणं लिहायला शिकतो, एखाद-दोन भाषा आत्मसात करतो, वाटाघाटींच्या खोलीत भिंतीलगतच्या खुर्चीवरून टेबलापाशी येतो. तरीही राजदूत म्हणून पहिली नेमणूक अनेकांना जड जाते. प्रत्येक मसुदा स्वतः लिहायचा, प्रत्येक आकडा स्वतः तपासायचा, या ज्या सवयींचं आजवर कौतुक झालं त्याच आता पायात येतात. दूतावासात दुसऱ्या कोणाकडे नसलेल्या दोनच गोष्टी राजदूताकडे असतात: यजमान देशात थेट वरपर्यंत जायची वाट, आणि त्याच्या शब्दावर दोन्ही राजधान्यांचा भरवसा. पुढचं बहुतेक सगळं या दोन गोष्टी मिळवण्याबद्दल आणि हातच्या न घालवण्याबद्दल आहे.

सुरुवात व्हिएन्ना करारापासून करा. राजनैतिक संबंधांविषयीचा हा करार १८ एप्रिल १९६१ रोजी झाला आणि २४ एप्रिल १९६४ पासून लागू आहे. कलमं ५३; निवांत बसलात तर एका संध्याकाळी वाचून होतात. नोकरीच्या सुरुवातीला तो सगळ्यांनीच वाचलेला असतो, पण प्रमुख म्हणून वाचताना निराळीच कलमं डोळ्यांत भरतात. ४, ९, १३, १९, ३२ आणि ४१ ही तर तोंडपाठच असावीत, कारण ती लागतात तेव्हा मायदेशातल्या मुख्यालयात रात्र असते आणि कायदा विभागात फोन उचलायला कोणी नसतं.

नाव पाठवायचं आणि गप्प बसायचं

नेमणूक मायदेशाच्या हातात अर्धीच असते. कलम ४ प्रमाणे आधी यजमान देशाची संमती लागते. मंत्रालयांत तिला सगळीकडे ‘आग्रेमाँ’ म्हणतात. मावळता राजदूत यजमान परराष्ट्र मंत्रालयात जाऊन नाव आणि एक-दोन पानी परिचय देऊन येतो. काही देश आपल्या राजधानीत असलेल्या यजमान देशाच्या राजदूताला बोलावून हेच करतात. उत्तराला काही आठवडे लागतात. नकाराचं कारण सांगायचं बंधन यजमानावर नाही, आणि नकार शब्दांत तर फार क्वचित येतो. फाइल नुसती पडून राहते. महिन्यांमागून महिने गेले आणि काहीच आलं नाही, तर तेच उत्तर समजून नाव गुपचूप मागे घ्यायचं असतं.

हे गुपचूप जमतं ते नाव फुटलेलं नसेल तरच. इस्राएलने २०१५ मध्ये दानी दायान यांचं नाव ब्राझीलसाठी जाहीर केलं. ब्राझीलने उत्तरच दिलं नाही. तिढा काही महिने चालला आणि २०१६ मध्ये दायान यांना न्यूयॉर्कला कॉन्सल जनरल म्हणून पाठवावं लागलं. त्याच सुमारास फ्रान्सने व्हॅटिकनसाठी सुचवलेल्या लॉराँ स्तेफानिनी यांच्या बाबतीतही व्हॅटिकन गप्प राहिलं. ते पुढे युनेस्कोत गेले. दोन्ही प्रकरणांची कारणं अगदी वेगळी होती. पण नाव चव्हाट्यावर आल्यावर कोणालाच आब राखून मागे फिरता आलं नाही.

तेव्हा संमती हातात पडेपर्यंत निरोपसमारंभ नको, मुलांच्या शाळेला त्या शहरातून ईमेल नको, घराच्या भाडेकरूला नोटीस नको. परिचय लिहिताना जुने लेख, जुनी भाषणं, त्या देशाविषयी कधीकाळी केलेली शेरेबाजी आठवून मुख्यालयाला आधीच सांगा. यजमान मंत्रालयातला एखादा कनिष्ठ अधिकारी ते शोधून काढणारच आहे.

निघण्याआधी

साधारण दीड-दोन महिने मिळतात आणि ते फाइली वाचण्यात संपतात, हे चुकतं. फाइली तिथे जाऊनही वाचता येतात. तुम्हाला तिथून दिसणार नाही ती मायदेशातली माणसं आधी गाठा: व्यापार, संरक्षण, अर्थ, शिक्षण या खात्यांत त्या देशाचा विषय प्रत्यक्ष हाताळणारे अधिकारी, तिथे पैसा गुंतवलेल्या कंपन्या, तिथे मुलं शिकायला पाठवणाऱ्या संस्था. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: पुढच्या वर्षभरात दूतावासाने तुमचं कोणतं एक काम केलं तर उपयोग होईल? उत्तरांची यादी एका पानात बसवा आणि आपल्या मंत्र्याकडून तिला मान्यता घ्या. हे पान नसेल तर पहिलं वर्ष समारंभांत जातं.

त्या देशाच्या तुमच्या राजधानीतल्या राजदूताला भेटायला विसरू नका. त्याचा अहवाल तुमच्या आधी तिथे पोचणार असतो.

आधीचा राजदूत आणि नवा राजदूत एकाच वेळी यजमान राजधानीत असू नयेत, असा रिवाज आहे. म्हणून बहुतेक वेळा समोरासमोर कारभार सोपवला जात नाही आणि सगळा भार हस्तांतरणाच्या टिपणावर येतो. धोरणाचा आढावा त्यात नसला तरी चालेल, तो कुठेही मिळतो. मागून घ्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: फोन स्वतः उचलणारी वीस माणसं कोण, तोंडी दिलेली पण कागदावर नसलेली आश्वासनं कोणती, इमारतीच्या भाडेकराराची मुदत कधी संपते, स्थानिक कर्मचाऱ्यांपैकी कोणाचा खटला चालू आहे, कोणत्या देणगीदाराचा धनादेश घ्यायचा नाही. हे लिहून मिळालं नाही तर फोनवर विचारा आणि स्वतः टिपून ठेवा.

आता अधिकारपत्रं. तुमच्या राष्ट्रप्रमुखाने यजमान राष्ट्रप्रमुखाला लिहिलेल्या या पत्राचा गाभा एकाच विनंतीत आहे: हा माणूस आमच्या वतीने जे सांगेल त्यावर पूर्ण विश्वास ठेवावा. सोबत आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचं पत्र असतं. मूळ पत्र मोहोरबंद पाकिटात आणि त्याची खरी प्रत उघडी, असे दोन संच लागतात. विमानात बसण्याआधी प्रतीवर बोट ठेवून चार गोष्टी वाचा: यजमान राष्ट्रप्रमुखाचं पूर्ण नाव आणि बिरुद, देशाचं अधिकृत नाव, तुमच्या नावाचं पासपोर्टवरचं स्पेलिंग, सही आणि तारीख. देशाने नाव बदललेलं असतं, नवा अध्यक्ष शपथ घेऊन बसलेला असतो, आणि पत्राचा साचा मात्र मागच्या नेमणुकीचा. ही चूक तिथे पोचल्यावर कळली तर नवं पत्र येईपर्यंत तुम्ही हात बांधून बसता. राजेशाहीत राजा बदलला तर पत्रं पुन्हा करून घ्यायचा प्रघात आहे. निवडून आलेला अध्यक्ष बदलला तर सहसा तशी गरज पडत नाही.

राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे राजदूताऐवजी उच्चायुक्त पाठवतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियासारखा दोघांचा राजा एकच असेल तिथे तर राजाने स्वतःलाच पत्र लिहिण्यासारखं होईल, म्हणून पत्र पंतप्रधानाकडून पंतप्रधानाला जातं. बाकी कामात फरक नाही.

पोचल्यापासून अधिकारपत्रं देईपर्यंत

विमानतळावर यजमान परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटोकॉल म्हणजे राजशिष्टाचार विभागाचा माणूस येतो आणि तुमच्या आगमनाची तारीख व वेळ नोंदली जाते. ही वेळ नुसती औपचारिक नाही. कलम १३ प्रमाणे अधिकारपत्रं सादर करण्याचा क्रम आगमनाच्या तारखेवर आणि वेळेवर ठरतो, आणि कलम १६ प्रमाणे राजदूतांमधली ज्येष्ठता पदभार घेतल्याच्या तारखेवर आणि वेळेवर. तुमचा देश मोठा की छोटा याच्याशी तिचा संबंध नाही. १६६१ मध्ये लंडनच्या रस्त्यावर स्पेन आणि फ्रान्सच्या राजदूतांच्या माणसांनी कोणाची बग्गी पुढे जाणार यावरून रक्त सांडलं होतं. असले तंटे मिटवायला १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने तारखेचा नियम आणला आणि तो आजही पुरतो. सर्वांत आधी पदभार घेतलेला राजदूत राजनैतिक समूहाचा डीन होतो. अनेक कॅथलिक देशांत हा मान पोपच्या दूताला दिलेला असतो.

पोचल्यावर काही दिवसांत परराष्ट्रमंत्र्याला किंवा प्रोटोकॉल प्रमुखाला खरी प्रत द्यायची. पदभार यापैकी कधी सुरू होतो हे यजमान देशाच्या प्रघातावर आहे. काही ठिकाणी प्रत दिली की तुम्ही कामाला लागू शकता. काही ठिकाणी मूळ पत्र राष्ट्रप्रमुखाच्या हाती पडेपर्यंत तुम्ही ‘नियोजित राजदूत’च. करार एवढंच म्हणतो की नियम सगळ्यांना सारखा लावावा. म्हणून पहिल्याच भेटीत प्रोटोकॉलला स्पष्ट विचारा: मंत्र्यांना भेटू शकतो का, गाडीवर झेंडा लावू शकतो का, भाषण करू शकतो का? ‘सगळे करतात’ हे दूतावासातल्या जुन्या कारकुनाचं उत्तर पुरेसं नाही.

हे थांबणं दोन आठवड्यांचं असेल किंवा चार महिन्यांचं. अनेक देश पाच-सहा राजदूतांचा समारंभ एकाच दिवशी करतात आणि तेवढे जमेपर्यंत वाट पाहतात. दरम्यान पत्रव्यवहार प्रभारी प्रमुखाच्या नावाने चालतो. या काळाचा चांगला उपयोग म्हणजे घर आतून बघणं: लेखे, तिजोरी, स्थानिक कर्मचाऱ्यांचे करार, कॉन्सुलर म्हणजे व्हिसा-पासपोर्टच्या खिडकीसमोरची रांग. सकाळी साडेआठ वाजता अर्ज घेऊन त्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला काय दिसतं ते एकदा बाहेरच्या बाजूने बघाच.

समारंभ स्वतः पंधरा-वीस मिनिटांचा. पोशाख, सोबत किती माणसं, भाषण तोंडी की लेखी, हे सगळं प्रोटोकॉल लिहून देतं. टोकियोत राजवाड्याकडे घोड्यांच्या बग्गीतून जायचं की मोटारीतून, हे राजदूताला विचारलं जातं. लंडनमध्ये बग्गी येतेच. यात चुकण्यासारखं थोडंच असतं, पण जे चुकतं ते नेमकं पाकिटाचंच. दोन्ही पत्रं स्वतःच्या हातात ठेवा. काउन्सेलरच्या बॅगेत, बॅग दुसऱ्या गाडीत आणि दुसरी गाडी फाटकाबाहेर अडवलेली, हा प्रकार जगाच्या पाठीवर कुठेही घडू शकतो. पाकीट देताना एकच वाक्य म्हणायचं असतं. ते त्यांच्या भाषेत पाठ केलं असेल तर उत्तम, पण उच्चार तिथल्या माणसाकडून तपासून घ्या.

खरं काम त्यानंतरच्या दहा मिनिटांच्या खासगी बोलण्यात आहे. पुढचं वर्षभर राष्ट्रप्रमुख तुम्हाला एकट्याला कदाचित भेटणार नाही. त्या दहा मिनिटांत चार विषय काढले तर एकही लक्षात राहत नाही. एक विषय निवडा, त्यावर त्याला माहीत नसलेली एक गोष्ट सांगा आणि पुढे कोणाशी बोलू ते विचारा. नाव सुचवलं गेलं, की त्या माणसाचं दार उघडलं.

भेटींचा फेरा

समारंभानंतर सगळ्या दूतावासांना कळवण्याचं पत्र जातं आणि सदिच्छा भेटी सुरू होतात. परराष्ट्रमंत्री आणि परराष्ट्र मंत्रालय आधी, मग डीन, मग इतर मंत्री, शेजारी देशांचे राजदूत, संसदेचे सभापती, उद्योग, विद्यापीठं, संपादक. विरोधी पक्षाला भेटणं योग्यच आहे, पण सरकारला भेटून झाल्यावर, दिवसाउजेडी आणि पक्षाच्या कार्यालयात. देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नका असं कलम ४१ सांगतं. भेटणं म्हणजे ढवळाढवळ नाही. सभेच्या व्यासपीठावर बसणं मात्र नक्कीच ठरेल.

अर्ध्या तासाची भेट वीस मिनिटांत आटपा. उठताना ‘मी आणखी कोणाला भेटावं?’ हा प्रश्न विचारायचा आणि सुचवलेलं नाव गाडीत बसताच लिहून ठेवायचं. राजधानीबाहेर जायला पहिल्या तीन महिन्यांतच सुरुवात करा. सगळे राजदूत एकाच शहरात राहतात, एकमेकांच्याच घरी जेवतात आणि एकमेकांचंच मत देशाचं मत म्हणून मायदेशी कळवतात. बंदराच्या गावात, खाणीत, सीमेवरच्या जिल्ह्यात दोन दिवस घालवले, की त्या वर्तुळातल्या निम्म्या गप्पा पोकळ वाटू लागतात.

लिहिणं

राजदूत शेवटी ओळखला जातो त्याच्या तारांवरून, म्हणजे मुख्यालयाला पाठवलेल्या अहवालांवरून. तार हा शब्द टिकला आहे, यंत्र गेलं. हा नमुना पाहा:

‘आज अर्थमंत्र्यांची सदिच्छा भेट घेतली. भेट अत्यंत सौहार्दपूर्ण वातावरणात झाली. द्विपक्षीय संबंध अधिक दृढ करण्याची इच्छा उभय बाजूंनी व्यक्त केली. बंदर प्रकल्पाबाबतही विचारविनिमय झाला.’

मुख्यालयात हे वाचणाऱ्याला काहीही कळलेलं नाही. तीच भेट अशी लिहिता येते:

‘सारांश: बंदराची निविदा जूनऐवजी सप्टेंबरमध्ये निघेल, असं अर्थमंत्र्यांनी आज सांगितलं.
ते म्हणाले: कर्जाच्या अटी अजून मंत्रिमंडळापुढे जायच्या आहेत.
आमचं मत: खरी अडचण बंदर खात्याकडून असावी. त्या मंत्र्यांचं नाव निघताच यांनी विषय बदलला. दुजोरा मिळालेला नाही.
सूचना: जूनची तारीख धरून खर्च करू नये, असं आपल्या कंपन्यांना कळवावं. बंदरमंत्र्यांची भेट पुढच्या आठवड्यात मागतो आहे.’

फरक भाषेच्या सफाईचा नाही. दुसऱ्या तारेत ते काय म्हणाले आणि आपल्याला काय वाटतं यांच्यामध्ये भिंत आहे, आणि खात्री किती ते सांगितलं आहे. ही भिंत एकदा पडली की मुख्यालय तुमच्या मतालाही बातमी समजतं, आणि ते मत चुकलं तर बातमीवरचाही विश्वास उडतो. वृत्तसंस्थेने दिलेलं पुन्हा पाठवू नका. त्या बातमीत काय नाही ते पाठवा. लांबी एक पान. अपवाद असतात: २२ फेब्रुवारी १९४६ रोजी अमेरिकी राजनैतिक अधिकारी जॉर्ज केनन यांनी मॉस्कोहून पाठवलेली तार पाच भागांची होती आणि तारेच्या यंत्रणेवर एवढा भार टाकल्याबद्दल त्यांनी सुरुवातीलाच क्षमा मागितली होती. पण सोव्हिएत वागण्याचा अर्थ काय, असं वॉशिंग्टननेच विचारलेलं होतं. न विचारता कोणी वीस पानं वाचत नाही.

आणि प्रत्येक तार एक दिवस बाहेर येईल असं धरून लिहा. जुलै २०१९ मध्ये ब्रिटनचे वॉशिंग्टनमधले राजदूत किम डॅरक यांची ट्रम्प प्रशासनावरची परखड गोपनीय टिपणं फुटली, अध्यक्षांनी त्यांच्याशी व्यवहार करणार नाही असं जाहीर केलं आणि काही दिवसांत डॅरक यांनी राजीनामा दिला. टिपणं लिहिण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. परखड लिहिणं हे तर कामच आहे. तरी विशेषणं कमी आणि घटना जास्त ठेवल्या तर फुटलेल्या कागदाची धार बोथट होते. माहिती देणाऱ्याचं नाव मात्र गरज नसेल तिथे कधीच लिहू नका. तुम्ही विमानाने परत जाल, तो तिथेच राहणार आहे.

यजमान मंत्रालयाला जाणारी रोजची पत्रं ‘नोट व्हर्बाल’च्या साच्यात असतात: तृतीयपुरुषी, कोणाच्याही पूर्ण सहीविना, खाली आद्याक्षरं आणि दूतावासाचा शिक्का. सुरुवातीला ‘अमुक देशाचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयाला आपला आदर व्यक्त करतो’ आणि शेवटी पुन्हा आदराचं वाक्य. ही पोकळ वाक्यं वाटतात, पण ती गाळणं हाच एक निरोप मानला जातो. घाईत एखाद्या कारकुनाने ती गाळली तर समोर दोन दिवस त्याचा अर्थ लावत बसतात.

निरोप पोचवणं, बोलावणं येणं

मुख्यालयाच्या सूचनेवरून यजमान सरकारकडे औपचारिकपणे मांडलेली बाजू म्हणजे डिमार्श. आधी सूचना तीनदा वाचून पाहा: निरोप कोणाच्या पातळीवर द्यायचा, कागद मागे ठेवायचा की नाही, त्यांनी उलट विचारलं तर किती पुढे जायचं. मागे ठेवायचा कागद बहुतेकदा ‘नॉन-पेपर’ असतो, म्हणजे लेटरहेड नाही, शिक्का नाही, सही नाही. तो तपासताना मसुद्याच्या फाइलमध्ये लेखकाचं नाव आणि जुने बदल राहिलेले नाहीत ना, हेही पाहा. ईमेलने पाठवण्याआधी तर नक्कीच. ‘खेद’, ‘चिंता’, ‘तीव्र चिंता’, ‘निषेध’ या पायऱ्या आहेत आणि त्यातली पायरी मुख्यालय ठरवतं. खोलीत बसून समोरच्याला बरं वाटावं म्हणून एक पायरी खाली उतरलात, तर मायदेशी वाटतं कठोर निरोप गेला आणि इथे वाटतं काही विशेष नाही. अशा निरोपापेक्षा न दिलेला बरा.

तुम्हाला बोलावणं आलं तर नोंद घेणारा सहकारी सोबत न्या. बोला कमी. ‘मी हे तातडीने कळवतो’ हे वाक्य लाज वाटण्यासारखं नाही. मजकूर लेखी मागा, आणि परत येऊन त्याच रात्री नोंद पाठवा. एका भेटीच्या दोन नोंदी होतातच, त्यांची आणि तुमची. जुलै १९९० मध्ये बगदादला अमेरिकी राजदूत एप्रिल ग्लासपी आणि सद्दाम हुसेन यांची भेट झाली. तिचं इराकी इतिवृत्त पुढच्या काही आठवड्यांत प्रसिद्ध झालं, आणि काय बोलणं झालं यावर वर्षानुवर्षं वाद होत राहिला.

संबंध बिघडले की ‘सल्लामसलतीसाठी’ परत बोलावणं येऊ शकतं. सप्टेंबर २०२१ मध्ये पाणबुड्यांच्या व्यवहारावरून फ्रान्सने वॉशिंग्टन आणि कॅनबेरा इथल्या आपल्या राजदूतांना असंच बोलावलं होतं. त्यापुढची पायरी कलम ९: यजमान कोणालाही, कारण न देता, अवांछित ठरवू शकतो. मार्च २०१८ मध्ये ब्रिटनने २३ रशियन अधिकाऱ्यांना आठवडाभरात निघायला सांगितलं आणि रशियाने तेवढेच ब्रिटिश परत पाठवले. असा आठवडा कोणावरही येऊ शकतो. प्रत्येक अधिकाऱ्याचं काम दुसऱ्या एकाला तरी माहीत असेल, अशी रचना पहिल्या महिन्यातच करून ठेवा.

घर सांभाळणं

इथे राजदूत सर्वांत जास्त पडतात, धोरणात नव्हे. कारणं तीच तीच: लेखे, स्थानिक कर्मचारी, घरकामाची माणसं, गाड्या.

लेख्यांवर सही करण्याआधी महिन्यातून एकदा रोकड स्वतः मोजून घ्या. आदरातिथ्याच्या प्रत्येक खर्चापुढे कोण आलं आणि का बोलावलं, हे लिहा. स्थानिक कर्मचाऱ्याला काढताना राजनैतिक संरक्षण, म्हणजे तिथल्या न्यायालयांपासूनची सूट, आहे असं गृहीत धरू नका. नोकरीच्या वादांत अनेक देशांची न्यायालयं दूतावासाला परक्या सरकारचं संरक्षण देत नाहीत. घरातल्या नोकरांबाबत तर आणखी जपून. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की घरकामगाराला गुलामासारखं राबवून फायदा उकळणं ही ‘व्यापारी कृती’ ठरू शकते आणि त्यात राजनैतिक संरक्षण मिळत नाही. तुमच्या अधिकाऱ्यांच्या घरीही लेखी करार, बँकेतून पगार आणि पासपोर्ट कामगाराच्याच ताब्यात, हे तपासणं तुमचंच काम.

संरक्षण तुमचं वैयक्तिक नाही. ते सोडायचं की नाही हे कलम ३२ प्रमाणे पाठवणारा देश ठरवतो, आणि ते स्पष्टपणे सोडावं लागतं. १९९७ मध्ये वॉशिंग्टनला जॉर्जियाच्या एका अधिकाऱ्याच्या गाडीने मुलीचा जीव गेला, तेव्हा जॉर्जियाने त्याचं संरक्षण काढून घेतलं आणि त्याला शिक्षा झाली. अपघाताच्या रात्री अधिकाऱ्याने काय बोलावं, कोणाला फोन करावा, याचा कागद सगळ्यांकडे आधीच असू द्या.

राजनैतिक टपालाची थैली कोणी उघडू शकत नाही, पण तिच्यावर बाहेरून दिसतील अशा खुणा असल्या तरच. १९८४ मध्ये नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को यांना बेशुद्ध करून खोक्यात घालून लंडनहून पळवण्याचा प्रयत्न झाला. खोक्यांवर नियमाप्रमाणे खुणा नव्हत्या, म्हणून स्टॅनस्टेड विमानतळावर ती उघडता आली. तुमच्या थैलीत अर्थातच कागदच असतील, पण लेबल चुकलं तर तीही उघडेल.

आणीबाणीची तयारी एका दुपारी तपासता येते. नागरिकांची यादी किती जुनी आहे? त्यातले दहा फोन लावून बघा, किती लागतात ते कळेल. सॅटेलाइट फोन चार्ज आहे का, जनरेटरला डिझेल किती दिवसांचं, तिजोरीत परकीय चलन किती. कागद नष्ट करायचं यंत्र पट्ट्या कापणारं असेल तर बदला: १९७९ मध्ये तेहरानचा अमेरिकी दूतावास ताब्यात गेल्यावर तिथे सापडलेल्या पट्ट्या जुळवून कागद पुन्हा वाचले गेले आणि छापलेही गेले.

एक छोटी गोष्ट सतत राहून जाते. तुम्ही दोन दिवसांसाठी देशाबाहेर गेलात तरी प्रभारी कोण, हे यजमान मंत्रालयाला आधी कळवावं लागतं. नोट गेली नाही आणि नेमकी त्याच रात्री काही घडलं, तर तुमच्या उपप्रमुखाला कोणी दारात घेत नाही.

जोडीदाराच्या नोकरीचा प्रश्न निघण्याआधी सोडवा. बहुतेकदा दोन देशांत तसा करार असेल तरच परवानगी मिळते, आणि त्या नोकरीपुरतं दिवाणी संरक्षण सोडून कर भरावा लागतो. तुम्हाला स्वतःला मात्र कलम ४२ प्रमाणे यजमान देशात नफ्यासाठी कोणताही व्यवसाय करता येत नाही, सल्लागाराचं मानधनसुद्धा नाही.

निघताना

तीन-चार वर्षांनी बदलीचा आदेश येतो. निरोपाच्या भेटी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने घ्या आणि त्यांत नवं काही मागू नका. उत्तराधिकाऱ्याच्या संमतीची विनंती अनेकदा तुमच्याच हातून जाते; ती नीट पोचवणं हे तुमचं शेवटचं खरं राजनैतिक काम. हस्तांतरणाचं टिपण निघायच्या महिनाभर आधी लिहायला घ्या, शेवटच्या आठवड्यात ते होत नाही. त्यात स्वतःच्या यशाची यादी नको. अर्धवट राहिलेलं आणि तोंडी कबूल केलेलं लिहा.

प्रस्थानाची तारीख कलम १० प्रमाणे मंत्रालयाला कळवायची. निघाल्यावर, किंवा त्यासाठी दिलेली वाजवी मुदत संपल्यावर, वैयक्तिक संरक्षण संपतं. अधिकृत कृत्यांपुरतं ते पुढेही राहतं. त्यामुळे भाड्याच्या अनामती, विजेची बिलं आणि वाहतुकीचे दंड आधी चुकते करा. शुल्क न भरता आणलेली गाडी परस्पर विकता येत नाही. मंत्रालयाची परवानगी आणि बहुतेक ठिकाणी शुल्काचा भरणा लागतो, आणि या कामाला आठवडे जातात, म्हणून अर्ज सगळ्यांत आधी टाका. कुटुंबातल्या प्रत्येकाचं राजनैतिक ओळखपत्र आणि गाडीच्या नंबरप्लेट परत करून पावती घ्या, आणि ती पावती प्रशासन विभागाच्या फाइलला लावून मगच विमानतळावर जा.